जिंकलेला पक्ष सोडणारे माझे भाटवे

आमच्या भागात आजवर जितके पक्ष झाले, फुटले आणि पुन्हा एक झाले, त्या सगळ्या पक्षांत माझे भाटवे राहून आलेले आहेत, आणि त्यांतल्या एकाही पक्षानं त्यांना कधी काढलेलं नाही. दर वेळी ते आपणहून निघाले, आणि निघाले तेही पक्ष जिंकल्यावर. हरलेला पक्ष सोडणारी माणसं पुष्कळ असतात. आमच्या जिल्ह्यात तर जरा जास्तच आहेत. पण डोक्यावरचा गुलाल पुरता धुऊन जायच्या आत जिंकलेल्या पक्षाला रामराम करून पडलेल्या उमेदवाराच्या घराकडे चालू लागणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, आणि गाव त्यांना मिस्त्री म्हणतं.

गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर सगळ्याच पक्षांची माणसं माझ्याकडे जाब विचारायला येतील. आसगावच्या शाळेत मी मास्तर होतो, तिथून सायकलनं तासाभराच्या अंतरावर ते आहे एवढं पुरे. मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाची शेती, आणि सडकेच्या बाजूनं एकामागे एक उभ्या असलेल्या राईस मिल. मिलचा तूस वाऱ्यानं उडतो आणि गावातल्या प्रत्येक वस्तूवर बसतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर, देवळाच्या कळसावर आणि उमेदवारांच्या फलकांवरही. भाटवे सगळ्यांत मोठ्या मिलमध्ये मिस्त्री होते. कुठला बेल्ट ढिला झाला, कुठल्या चाळणीला भोक पडलं, तांदूळ अख्खा निघतो आहे की त्याची कनकी होते आहे, हे ते दारात उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत. त्यामुळे मिलच्या मालकाला त्यांच्यावाचून चालत नसे, आणि हीच मालकाची मोठी अडचण होती. कारण गावातलं राजकारण हा मालक चालवत असे, आणि त्या राजकारणाला विरोध भाटवे चालवत.

मालकाची पद्धत साधी होती. वर मुंबईत सरकार बदललं की आठवड्याभरात मिलच्या गेटवरचा झेंडा बदलायचा. झेंडा बदलला की गावातले मेंबर बदलत, आणि मेंबर बदलले की त्यांच्यामागची माणसं आपापल्या मोटरसायकलींवरची स्टिकरं खरवडायला बसत. जुना पक्ष, नवा पक्ष, जुन्यातून फुटलेला, नव्यातून फुटलेला, असे चार तरी मुक्काम मालकानं माझ्या देखत केले. भाटव्यांनीही तेवढेच केले, पण नेमक्या उलट दिशेनं. अख्खं गाव सोमवारी जुन्या पक्षातून नव्यात जात असलं की भाटवे एकटे नव्यातून जुन्यात जाताना रस्त्यात भेटायचे, आणि सगळ्यांना थांबून नमस्कार करायचे. गेटवरचा झेंडा बदलायला शिडी मात्र त्यांचीच लागे, कारण मिलमध्ये उंच शिडी तेवढी एकच होती. ती ते विनातक्रार देत, आणि खालून धरूनही ठेवत.

आदल्या संध्याकाळी चौकात मालकाविरुद्ध तासभर बोलायचं आणि सकाळी आठला त्याच मालकाच्या मिलमध्ये हजर व्हायचं, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षं चालला. एकदा मी समोर असताना मालक त्यांना म्हणाले, की मिस्त्री, काल तुम्ही मला बरंच बोललात म्हणे. भाटवे धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरला कान लावून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. "बोललो," ते म्हणाले. "आता तुमचा एलिव्हेटर बोलून राहिला, तो आयकू द्या." मालक निघून गेले. मला वाटतं, मालकालाही आतून ते आवडत असावं. निदान तो एक माणूस तरी काल जे बोलला तेच आज बोलेल याची त्यांना खात्री होती.

प्रचाराच्या कामात त्यांच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. आवाज खणखणीत, आणि रिक्षावर बसून माइक हातात घेतला की एका दमात अख्खी वस्ती पार करतील. यातून एकदा मोठी पंचाईत झाली. आदल्या निवडणुकीत त्यांनी एका पक्षासाठी केलेली घोषणा त्या लोकांनी रेकॉर्ड करून जपून ठेवली होती. पुढच्या निवडणुकीत भाटवे विरुद्ध बाजूला गेले, पण जुन्या पक्षानं नवा माणूस शोधायचे कष्ट न घेता तीच घोषणा उमेदवाराचं नाव तेवढं दुसऱ्याच्या आवाजात बदलून लावली. नव्या बाजूच्या रिक्षावरही भाटव्यांचंच रेकॉर्डिंग वाजत होतं. दोन्ही रिक्षा बाजारचौकात समोरासमोर आल्या, कोंडीत अडकल्या, आणि पाव तास दोन्ही भोंग्यांमधून भाटवे एकमेकांविरुद्ध मतं मागत राहिले. बाजार बंद करून लोक ऐकायला जमले. खुद्द भाटवे पानठेल्याजवळ उभे राहून दोघांचंही लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी म्हणाले, की पहिला बरा बोलतो, दुसऱ्याले घाई झाली आहे.

प्रत्येक पक्षानं त्यांच्या गळ्यात घातलेला दुपट्टा ते घरी आणत आणि ताईच्या हवाली करत. ताई त्यांचा उपयोग रंग न पाहता करायची. एकावर वड्या वाळत, एकात भाकरी गुंडाळली जाई, आणि एका राष्ट्रीय पक्षानं सबंध उन्हाळाभर त्यांच्या माठाचं तोंड झाकलं होतं. जाहीरनामे मात्र ती वापरू शकत नसे. ते भाटवे स्वतःच्या पेटीत ठेवत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या साऱ्या विक्षिप्तपणाचं मूळ त्या पेटीत होतं. हे मला फार उशिरा समजलं. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, की भाऊजी, एवढे राबता, पक्षाला निवडून आणता, आणि मग सोडून कायले जाता? त्यांनी चहा खाली ठेवला.

"घरोघरी जाऊन जबान कोणं देल्ली? म्या देल्ली," ते म्हणाले. "नाली करून देऊ, दिवे लावून देऊ. आता ते निवडून आले. आतमंदी राहिलो तर मले गप्प बसा लागते. बाहेर गेलो तर मागता येते."

तर ते बाहेर जात आणि मागत. त्यांची मागण्याची रीत म्हणजे निवेदन. दर सोमवारी, मिलची सुट्टी असे त्या दिवशी, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते पंचायतीत निवेदन घेऊन जात. अक्षर छापल्यासारखं. आणि मजकूर असा नेमका, की वाचणाऱ्याला जागेवर जायची गरज पडू नये. शाळेमागच्या नालीवरची फरशी तीन फूट चार इंच लांब तुटलेली आहे. हनुमान मंदिरासमोरचा दिवा मंगळवारपासून बंद असून त्यातली वायर पूर्वेकडून कुरतडलेली आहे. उंदरानं की खारीनं, याबद्दलही त्यांचं मत शेवटी असायचं. निवेदनाची पोच घेतल्याशिवाय ते जागचे हलत नसत. बाबू लोक त्यांना येताना पाहिलं की शिक्का आधीच शाईत बुडवून ठेवत. पाचातलं एखादं काम व्हायचं. ते झालं की भाटवे आभाराचं पत्र देत, त्याचीही पोच घेत.

आमच्या गावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, त्यानंतरच्या दुसऱ्या निवडणुकीत भाटव्यांचा प्रभाग बाईसाठी राखीव निघाला. मालक त्या वेळी नव्यातून फुटलेल्या पक्षात होते आणि भाटवे अर्थातच जुन्यात. एका दुपारी मालक स्वतः भाटव्यांच्या घरी आले. भाटवे मिलमध्ये होते. मालकाला ते माहीत होतं. ते ताईकडेच आले होते. ताईचा बचत गट चांगला चालत असे, बायकांत तिच्या शब्दाला वजन होतं. पण मालकाचा खरा हिशेब निराळा असावा. बायको आपल्या पक्षातून निवडून आली, की नवऱ्याचं तोंड आपोआप बंद होईल, असं त्यांना वाटलं. ताईनं त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. नवऱ्याला विचारून सांगते, असंही म्हणाली नाही.

संध्याकाळी भाटवे घरी आले तेव्हा गावानं त्यांना ही बातमी रस्त्यातच दिली होती. योगायोगानं मी तिथं होतो. भांडण होईल म्हणून मी उठायला लागलो, तर ताईनं मला बसवलं. भाटव्यांनी एवढंच विचारलं, की मले न विचारता काहून हो म्हटलं?

"पंचवीस वर्षं झाली, तुम्ही निवेदनं देऊन राहिले," ताई म्हणाली. "ते कागद जिथं जातेत तिथं एक डाव मी बसून पाहतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या पक्षाच्या उमेदवार बाईंचा प्रचार नेहमीच्या निष्ठेनं सुरू केला. सकाळी दोघं एकत्र चहा पीत, मग ताई आपल्या बायकांबरोबर एका गल्लीत जाई आणि भाटवे दुसऱ्या. जेवणाचा डबा ती त्यांना बांधून देत असे, आणि ज्या दुपट्ट्यात तो बांधलेला असे त्याचा रंग पाहून लोक चर्चा करत. घराघरांतून बायका मुद्दाम विचारत, की मिस्त्री, तुमची घरवाली कशी आहे? भाटव्यांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणत, बाई चांगली आहे, हिशोबाची पक्की आहे, दिलेला शब्द मोडत नाही. पक्ष वाईट आहे, म्हणून मत देऊ नका. असं करत ते ताईसाठी जेवढी मतं मिळवून आले तेवढी मालकाच्या सबंध पक्षालाही मिळवता आली नसती. ताई निवडून आली. पुढे अध्यक्षपदाची चिठ्ठीही बाईचीच निघाली, आणि मालकानं विचार न करता ताईला खुर्चीवर बसवलं. बचत गटातली बाई, सांगू तिथं सही करेल, असं त्यांनी धरलं होतं.

पहिल्याच सोमवारी भाटवे इस्त्रीचा सदरा घालून निवेदन घेऊन गेले. घरी देता आलं असतं. पण ते त्यांना गैर वाटलं. कार्यालयात रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर आत गेले आणि "माननीय अध्यक्षा महोदया" असं लिहिलेला कागद बायकोपुढे ठेवला. ताईनं तो सावकाश वाचला आणि तारीख राहिली असल्याचं दाखवलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून तारीख राहण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी तिथंच ती घातली, पोच घेतली आणि बाहेर आले. घरी दोघंही त्याबद्दल चकार शब्द बोलली नाहीत. ऑफिसातलं ऑफिसात, हा ताईचा नियम होता. विरोध करणारा नवरा आणि खुर्चीतली बायको पाहायला सुरुवातीला गर्दी होई. मग लोकांना दोघांचीही सवय झाली. एक मात्र झालं. पाचातल्या एका कामाऐवजी तीन कामं होऊ लागली. मिस्त्री कंटाळल्यासारखे दिसतात, असं लोक म्हणू लागले.

खुर्चीवर बसून ताईनं जे पहिलं काम केलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिनं नवऱ्याच्या निवेदनांची जुनी फाईल काढून घेतली आणि रोज थोडी थोडी वाचून काढली. पहिल्या पानापासून, शाळेत धडे वाचायची तशी. त्या फाईलमध्ये तलावाबद्दलची निवेदनं सगळ्यांत जास्त होती. काही वर्षांपासून तलावाच्या पाण्याला वास यायला लागला होता. उसना तांदूळ करताना धान गरम पाण्यात भिजवतात. त्या पाण्याचा जसा आंबूस वास येतो तसाच तो वास. मासे मरून काठाला लागत. तलावावर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांतली तरणी माणसं बाहेरगावी कामाला जाऊ लागली होती. मालक सांगत, की मिलचं पाणी मागच्या खड्ड्यात जिरतं, तलावाशी त्याचा संबंध नाही. जो अधिकारी येई तो खड्डा पाहून जाई.

एका रविवारी मी गेलो होतो. आम्ही अंगणात बसलो होतो, भाटवे सायकलची चेन काढत होते. ताई ऑफिसातली फाईल घरी कधीही आणत नसे, त्या दिवशी तिनं ती आणली होती. ती तिनं त्यांच्या समोर ठेवली.

"बाकी साऱ्या कागदांत तुम्ही फूट-इंच लिहिले," ती म्हणाली. "वायर कोणत्या बाजूनं कुरतडली तेही लिहिलं. तलावाच्या कागदातच 'घाण पाणी कोठून तरी येते' असं काहून? सगळ्या कागदांत कोठून तरी?"

भाटव्यांनी चेन हातात धरून ठेवली होती. ती खाली ठेवली, हात पुसले आणि तलावाच्या पाळीकडे निघून गेले. ताईनं त्यांना हाक मारली नाही. फाईल उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते आसगावला माझ्या शाळेत आले. इतक्या वर्षांत ते कधी शाळेत आले नव्हते. वऱ्हांड्यात, पोरांच्या चपलांच्या बाजूला बसले आणि त्यांनी मला सांगितलं. मिलच्या बॉयलरमागून तलावाकडे जमिनीखालून एक पाईप जातो. तो त्यांनीच बसवला होता. पावसाचं पाणी काढायला म्हणून मालकानं सांगितलं आणि त्यांनी बसवून दिला. त्यातून भिजवणीचं पाणी सोडतात हे त्यांना दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून ते तलावाबद्दल निवेदनं देत होते. आणि दर निवेदनात "कोठून तरी" लिहीत होते. त्यांना विरोध करायची एवढी हौस का, याचं गावानं पुष्कळ हसून घेतलं होतं, मीही घेतलं होतं. पण ते बोलत असताना मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाच्या अलीकडच्या सगळ्या भाषणांच्या तळाशी हा एक पाईप होता.

मी काय सांगितलं ते इथं लिहायला हवं. मी म्हणालो, की भाऊजी, तुमची नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. ताई अध्यक्ष आहे, ती तिच्या परीनं करेल. पाईप कधीतरी कोणाला तरी सापडेलच. तुम्ही सांगितलंत तर नोकरी जाईल, वर नावही जाईल. गप्प राहा. त्यांनी ऐकून घेतलं. घंटा झाली तसे उठले आणि सायकलवर बसून गेले.

ताईनं वरच्या कार्यालयाला पत्र लिहून तपासणी मागवली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले. मालक पुढे होऊन त्यांना मिल दाखवत होते, ताई पदर खोचून मागे चालत होती, नगरपंचायतीचा एक कारकून कागद घेऊन होता. हे मला त्या कारकुनानंच नंतर सांगितलं, त्यामुळे खरं आहे. अधिकाऱ्यांनी खड्डा पाहिला आणि पाणी खड्ड्यात जिरते असं लिहायला सुरुवात केली. भाटवे पॉलिशरचा बेल्ट बदलत होते. त्यांनी हात चिंधीला पुसले आणि जवळ आले. म्हणाले, साहेब, लिहू नका, मी दाखवतो. बॉयलरमागे तुसाचा ढीग होता. त्यांनी फावडं घेतलं आणि स्वतः ढीग ओढला. खाली लोखंडी झाकण होतं, झाकणाखाली पाईपचं तोंड आणि त्यातून वाहणारं पिवळट पाणी. कोणी काही विचारायच्या आत ते बोलले.

"हा पाईप म्या बसवला. पावसाचं पाणी म्हणून सांगतलं होतं. मंग मले समजलं. समजल्यावर मी गप्प राहिलो, तेही लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. ताईनं अध्यक्ष म्हणून त्याखाली सही केली. कारकून सांगतो, की सही करताना तिचा हात थांबला नाही. मालकानं आवाज चढवला नाही. सगळे गेल्यावर ते भाटव्यांना म्हणाले, की मिस्त्री, उद्यापासून येऊ नका. भाटवे म्हणाले, की बेल्ट अर्धा उघडा आहे, तेवढा बसवून जातो. आणि बसवून, मिल चालू करून, दारात उभं राहून आवाज एकदा ऐकून मगच निघाले.

पंधरा दिवसांत पाईपचं तोंड सिमेंटनं बंद झालं. त्यानंतर महिना गेला नाही तोच मुंबईहून काहीतरी बातमी आली, मालकाच्या गेटवरचा झेंडा पुन्हा बदलला, आणि मेंबर लोक दोन गाड्यांत बसून सहलीला गेले. कुठं गेले ते कोणाला ठाऊक नव्हतं. परत आले तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे नवे दुपट्टे होते. ताईविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. त्या सभेला मी रजा काढून गेलो होतो. पाहुण्यांच्या बाकावर भाटवे माझ्या बाजूला होते. ठराव वाचला, बाजूनं हात वर झाले, मोजले. मग विरोधात कोण म्हणून विचारलं. ताईनं आपला हात वर केला. तिच्याशिवाय जुन्या पक्षाच्या दोघांचे हात होते. बाकी सभागृह टेबलाकडे पाहत होतं. माझ्या बाजूला हालचाल झाली, तर भाटव्यांनी हात वर केलेला. पीठासीन अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, की काका, पाहुण्यांना मत नसतं.

"मले माहीत आहे," भाटवे म्हणाले, आणि मोजणी संपेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

ताईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं खुर्चीवरची आपली उशी घेतली, चष्म्याचं घर घेतलं, पाण्याची बाटली घेतली. बाहेर आल्यावर ते सगळं भाटव्यांनी तिच्या हातातून घेतलं आणि दोघं बाजारातून पायी घरी गेली. मागून मी. रस्त्यात लोक नमस्कार करत होते. काही जण नेमके त्याच वेळी दुकानात वळले.

मेंबर म्हणून तिची मुदत संपली, आणि त्यानंतर बरेच दिवस निवडणुकाच झाल्या नाहीत. नगरपंचायतीवर प्रशासक बसला. भाटव्यांनी त्यालाही काही सोमवार निवेदनं दिली. पण साहेब बदलून जायचे, नव्याला जुनं माहीत नसायचं, आणि कोणीही त्यांच्याकडे कधी मत मागायला येणार नव्हतं. निवडून न आलेल्या माणसाशी भांडायचं कसं, ते त्यांना जमेना. हळूहळू सोमवारचा सदरा कपाटात राहिला. कोंढा गावाच्या बाजूला दोन-चार लहान मिलवाले त्यांना दुरुस्तीला बोलवतात, तेवढं ते करतात. पण गुडघे दुखतात म्हणून शिडीवर चढत नाहीत. बोलणं कमी झालं आहे. पूर्वी मी गेलो की पक्षांची खबर द्यायला ते अंगणात वाट पाहत असत. आता ताई पेपर वाचून दाखवते आणि ते अर्धं ऐकतात.

निवृत्तीनंतर मी साकोलीला राहायला आलो, तरी महिन्यातून एकदा बसनं जाऊन येतो. उन्हं उतरली की आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर फिरायला जातो. गेल्या पावसाळ्यात ढिवर लोकांनी पुन्हा तलावात माशांचं बीज सोडलं. जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला थांबवून सांगितलं, की मासे आहेत, पण पूर्वीसारखे वाढत नाहीत. वासही भर उन्हाळ्यात थोडा येतो अजून. भाटव्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाण्याले टाइम लागते, मास्तर."

मी हो म्हणालो. खरं तर मला त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात मी त्यांना जे सांगितलं, ते त्यांनी ताईला कधी सांगितलं का, हे. दर वेळी पाळीवर गेलो की विचारीन म्हणतो, आणि विचारत नाही. सांगितलं नसावं. कारण घरी गेलो की ताई अजूनही माझं ताट आधी वाढते, आणि नको नको म्हणत असताना वर आणखी भात घालते. भाटवे शेजारी बसून मुकाट्यानं जेवत असतात.